कुस्कोतील स्वयंसेवा आणि पिसाकचे रविवार

पाऊलवाट

पेरूमधील कुस्को शहरात मी २०१९ सालच्या जून ते ऑगस्ट या काळात बारा आठवडे स्वयंसेवक म्हणून राहिले. त्या दिवसांविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते. परदेशात जाऊन काही काळ काम करू इच्छिणाऱ्या सभासदांचे प्रश्न अलीकडे या चर्चामंचावर वाचले, आणि आता टाळू नये असे वाटले. जे सांगायचे आहे ते आरंभीच सांगते. अशा मुक्कामात सुट्टीचा प्रत्येक दिवस नव्या ठिकाणी घालवण्याऐवजी एकच गाव धरावे आणि तिथेच पुन्हा पुन्हा जावे. माझ्यासाठी ते गाव पिसाक होते.

आधी कामाविषयी. शहराच्या कडेला डोंगर-उतारावर वसलेल्या एका वस्तीत, शाळा सुटल्यावर मुलांना अभ्यासाला बसवणारे एक छोटे केंद्र होते. वस्तीतली बहुतेक कुटुंबे आसपासच्या खेड्यांतून पोटासाठी शहरात आलेली. आई बाजारात, वडील बांधकामावर, आणि घरात आजी असेलच तर ती फक्त क्वेचुआ ही तिथली मूळची भाषा बोलणारी. मी पुण्यात दोन वर्षे स्पॅनिश शिकले होते, त्यामुळे माझ्याकडे अंकगणित आणि वाचन आले. दुसऱ्याच दिवशी आठेक वर्षांच्या एका मुलाने माझे नाव विचारण्याच्या आधी विचारले, “तू किती दिवस आहेस?” मी बारा आठवडे म्हणाले, तेव्हा त्याने बोटांवर काहीतरी मोजले आणि मगच वही उघडली. त्या केंद्रात दर पंधरा दिवसांनी नवा ‘प्रोफे’, म्हणजे नवा मास्तर येत असे. मुलांनी किती जणांचा लळा लावून घ्यायचा, हा प्रश्न त्या मुलाने माझ्यापुढे ठेवला होता, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

पहिला रविवार डोकेदुखीत गेला. कुस्को सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर, म्हणजे त्याच्या दुपटीहून अधिक. पायऱ्या चढताना श्वास अडतो आणि रात्री झोप तुटते. कोकाच्या पानांचा किंवा मुन्या नावाच्या पुदिन्यासारख्या रानवनस्पतीचा चहा पीत दोन-तीन दिवस शांत पडून राहणे हाच उपाय. पिसाक कुस्कोच्या ईशान्येला सुमारे ३३ किलोमीटरवर आणि चारेकशे मीटर खाली आहे, म्हणून दुसऱ्या रविवारी घरमालकीण म्हणाली, “पिसाकला जा, तिथे तुला श्वास मिळेल.” त्या गावाची माझी ओळख अशी दम लागण्यातून झाली.

पुपुती नावाच्या रस्त्यावरून पिसाकच्या छोट्या गाड्या सुटतात. गाडी भरली की निघते, वेळापत्रक नाही. तासाभराच्या आत पोहोचते. घाट उतरताना खाली विल्कानोता नदीचे खोरे उघडते. याच नदीला पुढे उरुबांबा म्हणतात. जानेवारी २०१० मधल्या पुरात याच नदीने पिसाकचा पूल नेला होता. पलीकडच्या डोंगरावर इंकांनी, म्हणजे स्पॅनिशांच्या आधी इथे राज्य करणाऱ्या लोकांनी बांधलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांच्या दगडी ताली वळणावळणाने चढत गेलेल्या दिसतात. मूळ इंकाकालीन वस्ती त्या डोंगरावर होती. खालचे आजचे गाव स्पॅनिश राजवटीत, १५७० च्या दशकात, व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याच्या धोरणानुसार वसवले गेले. विखुरलेल्या लोकांना खाली आणून चौक, चर्च आणि सरळ गल्ल्यांच्या आखीव गावात बसवायचे, म्हणजे कर गोळा करणे आणि धर्मांतर करणे सोपे जाते, असे ते धोरण होते. चौकातल्या बाजारात फिरताना हे सारखे आठवत राहते, कारण ज्यांना एकेकाळी खाली ओढून आणले, त्यांचे वंशज आजही दर रविवारी वरच्या गावांतून आपला माल घेऊन त्याच चौकात उतरतात.

पर्यटकांसाठीचा कापडचोपडाचा आणि दागिन्यांचा बाजार आता जवळपास रोजच भरतो. मंगळवार आणि गुरुवार त्यातल्या त्यात मोठे. मात्र गावाचा खरा आठवडी बाजार रविवारचा. तो पाहायचा असेल तर सकाळी आठच्या आत पोहोचावे. पर्यटकांच्या मोठ्या बसगाड्या दहाच्या सुमारास येतात आणि तोपर्यंत निम्मी देवघेव उरकलेली असते. बायका जमिनीवर रंगीत पट्ट्यांचे कापड अंथरून बसतात. बटाट्याचे, गाजराचे, ओल्या वालासारख्या शेंगांचे वाटे लावलेले असतात. किलोचा हिशेब थोडा, वाट्याचा अधिक. एका कोपऱ्यात पैशांशिवाय व्यवहार चालतो. वरच्या थंड गावातली बाई बटाटे आणते, खालच्या खोऱ्यातली मका आणते, आणि दोघी एकमेकींच्या पदरात ओंजळी-ओंजळीने माल घालत जातात. कोणाची ओंजळ किती भरली यावर दोघींची बारीक नजर असते, आणि तरीही शेवटी एक मूठ वर घातलीच जाते. या वरच्या मुठीला क्वेचुआत ‘यापा’ म्हणतात. आपण भाजीवालीला “मावशी, वर दोन मिरच्या टाका” म्हणतो, तीच ही मूठ.

मी दर वेळी एकाच आजीबाईंकडून बटाटे घेऊ लागले. त्यांच्यासमोर पाच-सहा जातींचे बटाटे असत. एक बाहेरून काळा आणि कापल्यावर आत जांभळ्या कड्या असलेला, एक बोटासारखा लांब, एक लाल-पिवळ्या ठिपक्यांचा. आणि एक असा गाठाळ, की देवदाराच्या बोंडासारखा दिसे. त्याचे नाव ‘काचुन वाकाची’, म्हणजे सुनेला रडवणारा. नव्या सुनेने तो सोलून दाखवायचा. जितकी साल पातळ आणि गर जितका शाबूत, तितकी सून कामाची. हे त्यांनी मला सांगितले तेव्हा मला आपल्या जात्यावरच्या ओव्यांतला सासुरवास आठवला आणि त्यांना ते कसे सांगावे ते कळेना, म्हणून मी फक्त “आमच्याकडेही” एवढेच म्हणाले. त्यांनी सुरी माझ्या हातात दिली. मी निम्मा बटाटा सालीबरोबर घालवला. त्यांनी ती साल उचलली, बोटांनी तिची जाडी चाचपली, आणि काही न बोलता दुसरा बटाटा पुढे केला.

त्या दिवशी त्यांची पहिली विक्री माझ्याकडून झाली होती. नाणे हातात पडताच त्यांनी त्याने क्रूसाची खूण केली, कपाळ ते छाती, एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत, आणि शेवटी नाण्याचे चुंबन घेतले. पेरूतले विक्रेते सकाळी “पर्सिग्नार होऊ दे” म्हणतात, ते हेच. आपल्याकडे भवानीचे पैसे कपाळाला लावतात. चौथ्या रविवारी त्यांनी मला ‘कासेरा’ म्हणून हाक मारली. हा शब्द नेहमीच्या गिऱ्हाइकालाही लावतात आणि नेहमीच्या विक्रेतीलाही. दोघी एकमेकींच्या ‘कासेरा’ असतात. बारा आठवड्यांत मला मिळालेल्या सगळ्या हाकांमध्ये मला ती सर्वांत मोलाची वाटते, कारण ‘प्रोफे’ ही हाक खुर्चीमुळे मिळाली होती आणि ही पुन्हा पुन्हा येण्यामुळे.

रविवारी सकाळी चर्चमध्ये क्वेचुआ भाषेत मिस्सा, म्हणजे उपासनेचा विधी होतो. त्यासाठी वरच्या गावांचे ‘वारायोक’, म्हणजे गावाने निवडलेले पुढारी, लाल विणीचे पोंचो घालून, हातात चांदीची कडी बसवलेल्या काठ्या घेऊन ओळीने येतात. बरोबर मुले असतात आणि ती ‘पुतुतु’ फुंकतात. पुतुतु म्हणजे शंखच. समुद्रापासून इतक्या दूर, तीन हजार मीटरांच्या उंचीवर, शंखाचा तो आवाज ऐकून मी जागीच थांबले.

चौकाच्या आसपास मातीच्या मोठ्या भट्ट्या आहेत, त्यांत लाकडाच्या आगीवर एम्पानादा, म्हणजे करंजीच्या आकाराची सारण भरलेली पोळी, भाजतात. चीज-कांद्याची मिळते. भट्टीशेजारी छोट्या किल्ल्यासारखे मातीचे घर असते आणि त्यात गिनीपिग पाळलेले असतात. ते शोभेसाठी नाहीत, सणाच्या जेवणासाठी आहेत.

डोंगरावरच्या अवशेषांविषयी इथे फार लिहीत नाही, त्यांची माहिती सहज मिळते. चालत चढायला दीड-दोन तास लागतात, तिकीट स्वतंत्र न मिळता जोडतिकिटातच मिळते, आणि सूर्याशी संबंधित इंतिवाताना नावाच्या भागातले दगडकाम खरोखर पाहण्यासारखे आहे. समोरच्या कड्यात हजारो थडग्यांची भोके दिसतात. ती जवळजवळ सगळी लुटली गेलेली आहेत.

बारांपैकी नऊ रविवार मी पिसाकला गेले. एक आजारपणात गेला, एक डोकेदुखीत, एक माचू पिक्चूला. याविषयी कोणाला काही विचारायचे असल्यास जरूर विचारावे.

रानजाई

पाऊलवाट, फार मन लावून लिहिले आहे. वनस्पतींच्या अभ्यासक म्हणून दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात. त्या खोऱ्यातल्या गावांच्या चौकांत लाल फुलांचा जो मोठा वृक्ष दिसतो, त्याला तिथे ‘पिसोनाय’ म्हणतात. तो आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातला आहे, प्रजातीचे नावही एकच, एरिथ्रिना. दुसरे म्हणजे तुम्हाला बाजारात ‘किविचा’च्या वड्या मिळाल्या असतील. किविचा म्हणजे राजगिराच. आपल्या उपवासाच्या राजगिऱ्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा. राजगिऱ्याचे मूळ अमेरिका खंडातलेच, आणि बटाटाही तिथूनच युरोपमार्गे आपल्याकडे आला. एकादशीच्या ताटात आपण ज्यांना परंपरेने स्थान दिले, त्यातल्या दोन गोष्टींचे माहेर तिकडचे आहे, हे मला नेहमीच विलक्षण वाटते.

एक विचारायचे होते. मी मांसाहार करत नाही. बारा आठवडे तिथे राहता येईल का?

उत्तररात्र

लेख आवडला, मात्र एक प्रश्न मनापासून विचारतो, तो टीका म्हणून घेऊ नये. अशा कार्यक्रमांसाठी मध्यस्थ संस्था बरेच पैसे घेतात, त्यावर विमानाचे भाडे. तेवढ्या पैशांत त्या वस्तीतल्या एखाद्या स्थानिक शिक्षिकेचा काही महिन्यांचा पगार निघाला असता. मुलांना क्वेचुआ येणारी, न बदलणारी शिक्षिका मिळाली असती. मग आपण जाण्याचे समर्थन काय? तुम्हीच लिहिले आहे की मुलगा दिवस मोजत होता.

पाऊलवाट

रानजाई, पिसोनाय पाहिला होता, पण तो पांगाऱ्याच्या कुळातला आहे हे आज कळले, मनापासून आभार. मांसाहाराशिवाय निभते, मात्र “मांस नको” एवढेच सांगून भागत नाही, कारण मांस म्हणजे लाल मांस असे धरून कोंबडी वाढली जाते. “कोंबडी नको, मासळी नको, आणि सूपही मांसाचे नको” असे तीन वेळा सांगावे. पिसाकच्या बाजारात पांढऱ्या टपोऱ्या दाण्यांचे उकडलेले कणीस आणि ताज्या चीजचा तुकडा मिळतो. तो मका त्या खोऱ्याचाच, त्याचे दाणे अंगठ्याच्या नखाएवढे. शिवाय खाल्ल्यावाचून राहवणार नाही अशी एक चटणी आहे, ‘उचुकुता’. मिरची, वाकाताय नावाचा उग्र वासाचा पाला आणि मीठ ‘बतान’वर वाटतात. बतान म्हणजे सपाट शिळा; वरवंट्याच्या जागी अर्धचंद्रासारखा दगड दोन्ही हातांनी डोलवायचा. आपल्या पाट्याला सरावलेले मनगट तिथे पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते.

उत्तररात्र, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. मीही एका मध्यस्थ संस्थेमार्फत गेले होते. भरलेल्या रकमेपैकी केंद्राला किती मिळते, असे मी तिसऱ्या आठवड्यात लेखी विचारले. मला उत्तर मिळाले नाही. त्याच महिन्यात केंद्र चालवणाऱ्या बाईंकडे खोलीचे भाडे द्यायला पैसे नव्हते. वह्या आणि पेन्सिली आम्ही स्वयंसेवकांनीच पदरमोड करून आणत होतो. हे पाहून फार यातना झाल्या, कारण तोवर मी समजत होते की माझे पैसे आधीच तिथे पोहोचले आहेत. उरलेल्या काळात मी केंद्राला थेट मदत केली, आणि आजही करते. तुम्ही म्हणता तशी स्थानिक तरुणी आज तिथे शिकवते. ते अधिक योग्य आहे.

म्हणून कोणी विचारले तर मी असे सांगते. पंधरा दिवसांसाठी मुलांबरोबरच्या कामाला जाऊ नये. त्या देशाची भाषा येत नसेल तर शिकवण्याचे काम पत्करू नये; हिशेब, संगणक, बांधकाम, परसबाग असे हाताचे काम मागावे. मुलांजवळ जाऊ देण्याआधी जी संस्था तुमचा पोलीस पडताळणीचा दाखला मागत नाही, तिच्यापासून दूर राहावे. अनाथालयात तर मुळीच जाऊ नये. अनाथालय म्हणवणाऱ्या अनेक संस्थांतल्या मुलांचे आई किंवा वडील हयात असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांमुळे ती मुले घरी परतण्याऐवजी तिथेच राहतात.

मग मी गेल्याचे समर्थन काय? मुलांना मी जे दिले ते थोडे होते, हे मला मान्य आहे. मी गेले नसते तरी त्यांचे अडले नसते.

सणगरवाडा

आमच्याकडे घोंगड्या विणण्याचा परंपरागत व्यवसाय आहे, म्हणून पिसाकच्या कापडाविषयी अधिक वाचायला आवडेल. तिथल्या बायका चालता-चालता सूत काढतात असे ऐकले आहे. आमच्या आजोबांच्या हातात टकळी असे, मेंढरांमागे चालताना ती सुटत नसे. लोकर धनगरांची आणि माग आमचा. विणून झाल्यावर चिंचोक्याची खळ द्यायची. आता यंत्रावरचे स्वस्त ब्लँकेट आल्यापासून गावात माग मोजकेच उरले आहेत. तिकडे अशी काही अडचण दिसली का?

पाऊलवाट

सणगरवाडा, अगदी तीच अडचण दिसली. तिथल्या टकळीला ‘पुश्का’ म्हणतात. लाकडाची काडी आणि खाली चकती. पाठीवरच्या कापडात मूल बांधलेले, समोर चढाचा रस्ता, आणि हातातून पुश्का भिरभिरत खाली सुटते, जमिनीला टेकायच्या आत सूत गुंडाळून वर येते. आधी एकेरी सूत काढतात, मग दोन सुते एकत्र करून उलट्या दिशेने पीळ देतात. माग कमरेचा असतो. एक टोक खुंटीला, दुसरे विणणारीच्या कमरपट्ट्याला, आणि ताण तिच्या अंगाने राखायचा. नक्षीच्या पट्ट्यांना ‘पाय्याय’ म्हणतात. त्यात तळे, नदी, बटाट्याचे फूल, घोड्याचा खूर अशी चिन्हे असतात, आणि मोजणी सगळी डोक्यात. एका बाईंनी मला तांबड्या रंगाचे काम दाखवले. निवडुंगावर वाढणारे कोचिनील नावाचे किडे वाळवलेले होते. त्यांनी एक तळहातावर चिरडला, तर गर्द किरमिजी डाग पडला. त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले आणि डाग डोळ्यांदेखत केशरी झाला.

अशी हातसुताची, वनस्पती-किड्यांच्या रंगांची एक पाठीवर घ्यायची चादर विणायला महिना-दीड महिना सहज लागतो. आणि तिच्या शेजारच्याच टेबलावर यंत्रावर विणलेली, ॲक्रिलिकची, तशाच नक्षीची चादर दहाव्या हिश्शाच्या किमतीला असते. विकणारे दोन्हींना ‘बेबी अल्पाका’च, म्हणजे अल्पाका या तिथल्या प्राण्याची मऊ लोकरच म्हणतात. ओळखायचे कसे, तर खरी लोकर हाताला प्रथम थंड लागते, वजनाला जड असते, आणि तिची उलटी बाजू सुलटीइतकीच नेटकी असते. शक्य असेल तिथे विणणारीला विणताना पाहावे आणि तिच्याकडूनच घ्यावे. कुस्को शहरात १९९६ मध्ये विणकर नील्दा कायान्याउपा यांच्या पुढाकाराने पारंपरिक वस्त्रकलेचे केंद्र सुरू झाले. तिथे प्रत्येक कापडावर विणणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि गाव असते. घोंगडीसाठी आपल्याकडे असे काही व्हावे, असे तेव्हाही वाटले होते.

सणगरवाडा

कापडावर विणणाऱ्याचे नाव ही गोष्ट मनात घर करून राहिली. आमच्या आजोबांचे नाव एकाही घोंगडीवर नाही. किड्यांच्या रंगावरून आठवले, आपल्याकडची लाखही किड्यापासूनच होते आणि तिच्यातून असाच तांबडा रंग निघत असे. आपण आणि ते, दोघांनीही तांबडा किड्यांकडूनच मिळवला.

हिशेबी

किमतीचा विषय निघाला आहे, म्हणून एक मत मांडतो. परदेशी पाहुणे दयेपोटी सांगेल ती किंमत देतात, आणि त्यामुळे तिथल्याच लोकांना तो माल परवडेनासा होतो. गोव्याच्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी हे लहानपणापासून पाहत आलो आहे. हंगामात भाव चढतात आणि आमच्या घरची खरेदी अडते. घासाघीस हा बाजाराचा रिवाज आहे, त्यात अपमान नाही. पाहुण्याने भाव करावाच, असे मला वाटते.

पाऊलवाट

हिशेबी, तुमचे म्हणणे मला पटते, पण एका भेदासह. बटाट्याच्या वाट्यावर तिथली गावकरीणसुद्धा भाव पाडत नाही. ती यापा मागते. किंमत तीच राहते आणि मूठ वाढते. पाहुण्यानेही तसेच करावे. कापडावर मात्र भाव होतो आणि तो अपेक्षितही असतो. एकदा माझ्याबरोबरच्या एका मुलीने हातविणीचा पट्टा चाळीस सोलवरून पंचवीसवर आणला. पंचवीस सोल म्हणजे तेव्हाचे पाचशे-सव्वापाचशे रुपये. विकणाऱ्या बाईंनी पट्टा कागदात गुंडाळला, पण हातातून सोडायला क्षणभर लावला. परतताना गाडीत आम्ही हिशेब केला, की त्या पट्ट्याला चार दिवस लागले असतील तर दिवसाला सहा सोल आणि थोडे वर पडले. तेवढ्यात आम्ही जाण्या-येण्याचे गाडीभाडेही भागवू शकलो नसतो. ती मुलगी पुढच्या रविवारी परत गेली आणि त्याच बाईंकडून दुसरा पट्टा पूर्ण किमतीला घेऊन आली. पुन्हा येणार असलो तर चूक दुरुस्त करण्याची संधी असते. एकदाच येणाऱ्याला ती मिळत नाही.

दूरदेशी

मी काही वर्षे अमेरिकेत राहून हौसेने क्वेचुआ शिकतो आहे. या धाग्यावर एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण ती मराठी माणसालाच खरी कळेल. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत, ऐकणाऱ्याला वगळून आणि ऐकणाऱ्याला धरून. इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये हा भेद नाही. क्वेचुआत आहे. ‘न्योकायकु’ म्हणजे आम्ही, आणि ‘न्योकांचिस’ म्हणजे आपण. माझ्या वर्गातल्या इतरांना हे पाठ करावे लागले. मला एका वाक्यात समजले. वाक्यरचनाही ओळखीची आहे. क्रियापद शेवटी, आणि घरात, घरातून असे प्रत्यय नामामागे. ‘वासि’ म्हणजे घर, ‘वासिपी’ म्हणजे घरात, ‘वासिमांता’ म्हणजे घरातून. कुस्कोच्या बोलीत त आणि थ वेगळे आहेत. ‘तांता’ म्हणजे जमाव, ‘थांता’ म्हणजे जीर्ण; आणि तिसरा एक त आहे, जो घशातून झटका देऊन उडवायचा, तो लावला की तोच शब्द ‘भाकरी’ होतो. १९७५ मध्ये पेरूने क्वेचुआला अधिकृत भाषेचा दर्जा दिला, पण शहरात ती बोलायला लोक अजूनही संकोचतात.

त्यांचा ‘आय्नी’ हा शब्द तुम्हाला भेटला असेलच. आज मी तुझ्या शेतात राबतो, उद्या तू माझ्या. आपल्याकडे याला सावड म्हणतात. आणि सगळ्या गावाने मिळून एकाचे काम उरकायचे व त्याने जेवण घालायचे, ती ‘मिंका’, म्हणजे आपली इर्जिक. मी हे शब्द माझ्या शिक्षकांना सांगितले तेव्हा त्यांनी ते वहीत लिहून घेतले.

पाऊलवाट

दूरदेशी, तुम्ही माझ्या एका न सुटलेल्या कोड्याचे उत्तर दिले. शेवटच्या काही रविवारी बटाटेवाल्या आजीबाई वारंवार ‘न्योकांचिस’ म्हणत, आणि मी तो एखादा बाजारातला शब्द समजत होते. “न्योकांचिस जेवू” असे काहीतरी त्या म्हणत आणि डब्यातला उकडलेला मोराया माझ्यापुढे करत. मोराया म्हणजे जूनच्या कडाक्यात रात्री गोठवलेला, पायांनी तुडवलेला, वाहत्या पाण्यात काही आठवडे भिजवून वाळवलेला पांढरा बटाटा. वजनाला हलका, वर्षानुवर्षे टिकणारा. तेव्हा वाटायचे त्या विकायला काढत आहेत. त्या “आपण जेवू” म्हणत होत्या, हे आज कळते आहे.

त्याच सांगत की त्यांच्या वरच्या गावात बटाट्याचे राखीव रान आहे. ‘पार्के दे ला पापा’ म्हणून तो भाग ओळखला जातो. पिसाकच्या वरच्या अंगाची काही गावे एकत्र येऊन तिथे शेकडो जाती जपतात. लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने पूर्वी गोळा केलेल्या चारशेहून अधिक जातींचे बियाणे, २००४ च्या करारानुसार, याच गावांना परत केले. आजीबाईंच्या समोरची ती ठिपक्यांची जात परत आलेल्यांपैकी होती. “लिमाला जाऊन आली,” असे त्या तिच्याविषयी म्हणत, एखादी लेक माहेरी परतावी तसे.

रानजाई

हे वाचून अंगावर काटा आला. बियाणे मूळ मालकांना परत मिळण्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

दक्षिणायन

मी पुढच्या मे महिन्यात कुस्कोला जात आहे, दहा आठवड्यांसाठी, एका वाचनालयाच्या सूचीचे काम आहे. धाग्याचा फार उपयोग झाला. व्हिसा आणि लसीविषयी कोणी सांगू शकेल का? आणि कोकाची पाने परत आणता येतात का?

पाऊलवाट

दक्षिणायन, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा सहा महिने तरी शिल्लक असलेला व्हिसा भारतीय पारपत्रावर असेल, तर पर्यटक म्हणून पेरूत वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो. नसेल तर दिल्लीच्या दूतावासातून घ्यावा लागतो. तुमच्या कामाचे स्वरूप संस्थेकडून लेखी घ्या आणि दूतावासाला दाखवूनच ठरवा. पीतज्वराची लस विसरू नका. कुस्कोसाठी तिची गरज भासत नसली तरी पेरूहून भारतात परतणाऱ्याला दाखला दाखवावा लागतो, आणि तो लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो. सरकारमान्य केंद्रात आधी वेळ घ्यावी लागते, म्हणून महिनाभर आधीच पाहा. कोकाची पाने तिथेच प्या. आपल्याकडे आणणे हा गुन्हा आहे.

तुम्ही मे महिन्यात जात आहात, म्हणजे बटाट्याच्या काढणीत पोहोचाल. बाजार तेव्हा सर्वांत भरलेला असतो. ऑगस्टपर्यंत राहिलात तर पाचामामेला, म्हणजे भूमातेला वाहायच्या पूजासाहित्याच्या पुड्या बाजारात मांडलेल्या दिसतील. कोकाची पाने, लोकर, गोळ्या-मिठाई, सगळे एका कागदात बांधलेले.

आता एक विनंती करते, जमणार नसेल तर निःसंकोच नाही म्हणा. शेवटच्या रविवारी, २५ ऑगस्टला, मी आजीबाईंचा एक फोटो काढला होता, त्यांच्याच सांगण्यावरून. पुढच्या वर्षी छापून घेऊन येते असे म्हणाले. मार्च २०२० मध्ये सगळे बंद झाले आणि नंतर माझे जाणे झाले नाही. फोटो छापलेला आहे, तेव्हापासून माझ्या कपाटात आहे.

दक्षिणायन

अवश्य नेईन. पत्ता कळवतो, तिथे पाठवा. त्या कुठे बसतात आणि त्यांना काय म्हणू?

पाऊलवाट

भाजीच्या बायकांमध्ये बसत, मक्यावाल्यांच्या जवळ. फोटोत त्यांची सपाट लाल टोपी आहे, कडेला पांढरी किनार. ती त्यांच्या गावची खूण, त्यामुळे त्या नसल्या तरी त्या गावच्या कोणीही ओळखतील. आधी वाटा घ्या, शक्यतो सकाळी, म्हणजे भवानी तुमच्याकडून होईल. मग ‘ममाय’ म्हणा, म्हणजे ‘माझी आई’, आणि फोटो द्या. निघताना ‘सुल्पायकी’, म्हणजे आभार. काचुन वाकाची सोलायला दिला तर नाही म्हणू नका. मी घरी सराव केला आहे, आता साल पातळ निघते, हे त्यांना सांगाल का?